विमानाच्या शेपटीत शिरणारी यशोधरा

आमच्या कारखान्यात विमानाच्या शेपट्या तयार व्हायच्या. हे सांगितलं की लोक आधी हसतात. अंबरनाथ म्हटलं की त्यांना रसायनांचे कारखाने आठवतात, फार तर औषधांचे. पण विमान काही एका जागी बनत नाही. पंख एकीकडे, पोट दुसरीकडे, आणि सगळं जोडायचं तिसरीकडे. आमच्या वाट्याला शेपटी आली होती. नऊ मीटर लांब, एका तोंडाला माणूस उभा राहील एवढी रुंद, आणि मागे निमुळती होत होत शेवटी इतकी अरुंद की तिथे शिरायला माणूस शोधावा लागायचा.

ते माणूस म्हणजे यशोधरा शेजवळ.

मी तिथे तपासनीस होतो. काम झालं की बघायचं, मोजायचं आणि शिक्का मारायचा. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. त्यामुळे यशोधराची माझी ओळख तिच्या कामावरून झाली, चेहरा नंतर लक्षात राहिला. ती अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच बाजूला दोन गल्ल्या सोडून राहायची, आई कौसाबाईंबरोबर. वडील लवकर गेले. धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचं लग्न, मग त्याचं पुण्याला जाणं, या सगळ्यात तिची चौतिशी आली. आयटीआय केलेली, अंगाने सडपातळ, उंचीने माझ्या खांद्याला. भरतीच्या वेळी मुलाखत घेणाऱ्याने तिला एकच प्रश्न विचारला होता, "अंधाराची भीती वाटते का?" ती म्हणाली, "अंधारात कोण आहे त्यावर आहे." लगेच कामावर घेतली.

तिचं काम समजायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमानाचा पत्रा आतल्या कड्यांवर रिव्हेटने, म्हणजे धातूच्या जाड खिळ्यांनी जोडतात. बाहेरचा माणूस रिव्हेट ठोकायची गन लावतो. आतला माणूस रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला पोलादाचा ठोकळा घट्ट दाबून धरतो. त्या ठोकळ्याला आम्ही डॉली म्हणायचो. गनच्या धक्क्याने रिव्हेटचं आतलं टोक डॉलीवर चेपतं आणि त्याची टोपी बनते. टोपी नीट बसली का, हे फक्त आतल्यालाच दिसतं. त्या गोंगाटात हाक मारून उपयोग नसतो, म्हणून आतला माणूस डॉलीने पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका म्हणजे झालं, पुढे चल. दोन म्हणजे अजून मार. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. दिवसाला तीनशे-चारशे रिव्हेट. म्हणजे दोन माणसं दिवसभर एकमेकांशी बोलत असतात, आणि एकमेकांना दिसत मात्र नाहीत.

बाहेर गन धरणारा होता सुजित. बदलापूरला मांजर्लीत बहिणीच्या, संध्याच्या घरी राहायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा, हाताला अतिशय पक्का. कारखान्यातल्या सगळ्या बायका त्याला सुजितदादा म्हणत. यशोधरा नुसतं सुजित म्हणायची. हा फरक माझ्या फार उशिरा लक्षात आला. तपासनिसाचे डोळे असून काय उपयोग!

पहिल्या उन्हाळ्यात शेपटीच्या आत इतकं उकडायचं की यशोधरा जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली की तिची ओढणी पिळून काढावी लागायची. सुजितने काही न बोलता एक रविवार उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये घालवला. जुन्या कूलरचा पंखा आणला आणि जीन्सच्या कारखान्यातून उरलेलं कापड आणलं. त्या कापडाची त्याने लांब नळी शिवली, एक टोक पंख्याला बांधलं, दुसरं शेपटीच्या आत सोडलं. आत गार वारा येऊ लागला. यशोधरा बाहेर आली, नळीकडे बघितलं आणि म्हणाली, "शिवण कुणाची?"

"माझी."

"वाकडी आहे."

"वारा सरळ येतोय ना?"

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. मी बाजूला उभा होतो म्हणून मला माहीत.

शेपटी तयार झाली की ती आगगाडीने जायची. सुरुवातीला ट्रेलरवर पाठवून बघितलं. रस्त्यातल्या तारा, कमानी, वळणं, आणि एका पुलाखाली तर पाच तास अडकून बसली. मग रेल्वे ठरली. कारखान्यातून पहाटे कल्याणच्या मालधक्क्यापर्यंत रस्त्याने, तिथे क्रेनने खोलगट वॅगनमध्ये, आणि तिथून पुढे गाडीने. असा मापाबाहेरचा माल असला की गाडी फक्त दिवसाउजेडी चालते, हळू चालते, आणि सोबत मालाची माहिती असलेलं माणूस लागतं. शेपटीखाली लाकूड-लोखंडाचा एक पाळणा असायचा, चार मोठ्या बोल्टांनी शेपटीच्या शेवटच्या कड्याला घट्ट केलेला, वरून साखळ्या. हे सगळं सुजितला तोंडपाठ, म्हणून सोबत तोच जायचा. गेल्यापासून परत येईपर्यंत दहा-बारा दिवस.

त्या दहा-बारा दिवसांत यशोधराबरोबर दुसरा कोणीतरी गन धरायचा. कामात फरक नसायचा, मी मोजून बघायचो. पण जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडून नुसती बसायची.

कल्याणहून निघालेली गाडी दुपारी अंबरनाथवरून जायची. त्या दिवशी यशोधरा अर्ध्या दिवसाची रजा टाकायची आणि स्टेशनच्या पादचारी पुलावर जाऊन उभी राहायची. ताडपत्रीत गुंडाळलेलं ते धूड खालून जायचं. पुलावरच्या लोकांना वाटायचं कसली तरी टाकी आहे. मागच्या डब्याच्या दारात सुजित उभा असायचा. तो वर बघायचा, हात वर करायचा. मला हे तिने पुढे स्वतः सांगितलं. म्हणाली, "सर, तेवढ्यासाठीच जायचे. शेपटी तर मी आतून बघितलेलीच असायची."

नववी शेपटी दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत निघाली. तिच्या शेवटच्या कड्याचं काम चाललं होतं त्या आठवड्यात कौसाबाई दवाखान्यात होत्या. यशोधरा रात्रभर तिथे बसून सकाळी कामावर यायची. मी म्हटलं, रजा घे. ती म्हणाली, "माझ्याशिवाय आत शिरणार कोण?" काम झालं, मी तपासलं, शिक्का मारला.

गाडी निघाली त्या दिवशीही ती पुलावर होती. सुजितने हात वर केला. गाडी बदलापूरला दहा मिनिटं थांबली, आणि पुढे वांगणीच्या आधी एका वळणावर इंजिनापुढे म्हशी आल्या. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. गाडीला वेग तसा नव्हताच, पण सगळ्या डब्यांना एक हिसका बसला आणि पाळण्याचा एक बोल्ट तुटला. शेपटी कलली. तिची कड रुळाबाजूच्या खांबावर घासत गेली, पत्रा फाटला, वरची तार तुटली.

सुजितने मागच्या डब्यातून हे बघितलं आणि गार्डला ओरडून सांगितलं. गाडी थांबली. शेपटी शेजारच्या रुळाच्या बाजूला झुकली होती आणि साखळ्या कुरकुरत होत्या. त्या रुळावरून गाडी यायची होती. गार्ड लाल झेंडा घेऊन पुढे पळाला. सुजित वॅगनवर चढला. तुटलेल्या तारेतली वीज गेलीय की नाही हे बघायलाही तो थांबला नाही. त्याने मोकळी झालेली साखळी खेचून पुन्हा अडकवली. शेपटी पडली नाही. पण आपल्या जागी बसताना ती एकदा हलली, आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं साखळीखाली सापडली.

गाड्या पाच तास बंद होत्या. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा यशोधरा आमच्यात होती. सुजितचा हात बांधलेला, दोन बोटं गेलेली. त्याने सगळ्यांशी दोन-दोन शब्द बोलून घेतले. यशोधरा पुढे आली तेव्हा मात्र तो खिडकीकडे बघत राहिला. तिने विचारलं, "दुखतंय का?" तो म्हणाला, "नाही. तू जा आता, आई एकट्या असतील." ती गेली. तिला वाटलं, आपण नकोसे झालो.

चौकशी लागली. पहिला संशय आमच्याच कामावर आला. बोल्ट शेवटच्या कड्याला जोडलेला, कडं रिव्हेटने पत्र्याला जोडलेलं. म्हणजे रिव्हेट उखडले असतील तर दोष आतून डॉली धरणाराचा. फाटलेली शेपटी अजून तिकडेच पडून होती, कुणी तपासली नव्हती. पण साहेब लोकांच्या तोंडी यशोधराचं नाव येऊ लागलं. त्या आठवड्यात तिची आई आजारी होती, ती जागरणं करून कामावर येत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग सुजितने दवाखान्यातून लेखी जबाब दिला. त्यात लिहिलं होतं: बदलापूरला गाडी थांबली तेव्हा साखळ्या तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, साखळ्या ढिल्या राहिल्या, चूक माझी.

कारखान्याला हेच हवं होतं. एक माणूस चूक कबूल करतोय, प्रकरण मिटतंय. सुजितला काढून टाकलं. तसाही तो आता गन धरू शकत नव्हता.

इथे माझी गोष्ट येते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. चौकशीचे कागद माझ्या टेबलावरून गेले होते. त्यात गार्डची नोंदवही होती. बदलापूर, एक वाजून चाळीस मिनिटं, साखळ्या तपासल्या, आणि खाली सुजितची सही. म्हणजे त्याने तपासल्या होत्या. जबाब खोटा होता. मला ते दिसलं, मी वही मिटली आणि कागद पुढे पाठवला. रिव्हेटवर शिक्का माझा होता ना! प्रकरण साखळीवर मिटलं की माझा शिक्काही सुटत होता. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की माणूस स्वतःहून कबूल करतोय तर आपण कोण मध्ये बोलणार. आज तसं सांगवत नाही.

एप्रिलमध्ये फाटलेली शेपटी कारखान्यात परत आली. विम्याच्या लोकांना आतून बघायचं होतं. एवढ्या टोकाला शिरणार कोण? पुन्हा यशोधराच. तिच्या हातात बॅटरी आणि खडू दिला. एकेक रिव्हेट बघायचा, उखडला असेल तिथे फुली.

ती दीड तास आत होती. बाहेर विम्याचा माणूस, आमचे साहेब आणि मी. ती बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत काळी झाली होती. खडू तसाच होता, अख्खा.

"शेवटच्या कड्याला चौऱ्याऐंशी रिव्हेट आहेत," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी जागेवर आहेत. पत्रा फाटलाय तो ओळ सोडून, दोन बोटं अलीकडे. माझा एकही हललेला नाही."

मग तिने मूठ उघडली. तिच्या हातात बोल्टाचा तुकडा होता, कड्याच्या भोकात अडकून राहिलेला. विम्याच्या माणसाने तो भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून तपकिरी झालेला आणि अर्धा चकचकीत. म्हणजे बोल्ट आधीच अर्धा तुटलेला होता, कित्येक दिवस. आधीच्या आठ फेऱ्यांना कारखान्याने तेच चार बोल्ट वापरले होते. बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अहवाल तसा लिहिला गेला. त्या संध्याकाळी मी यशोधराला गाठलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो, आणि तिला गार्डच्या वहीबद्दल सांगितलं. सुजितने खोटा जबाब का दिला असेल, हेही मला वाटलं तसं सांगितलं. तुझं नाव येत होतं, म्हणून त्याने सगळं आपल्यावर घेतलं.

मला वाटलं होतं ती रडेल. तिने चहाला हात लावला नाही. चहावर साय आली.

"म्हणजे त्याला वाटलं माझे रिव्हेट उखडले," ती म्हणाली.

"अगं, त्याने तुला वाचवायला..."

"तेच म्हणतेय सर. वाचवायची पाळी का आली? त्याला खात्री नव्हती म्हणून. मी चार वर्षं त्याला एक ठोका दिला तो रिव्हेट पक्का बसला म्हणूनच दिला. आई दवाखान्यात होती तेव्हा पण. त्या आठवड्यात मी तीन-तीन ठोके देऊन अकरा रिव्हेट काढायला लावलेत त्याला. त्याला आठवत नाही का? हात थरथरत होते माझे, म्हणून दुप्पट बघत होते मी." तिचा आवाज चढला. टपरीवाला बघायला लागला. "बाकीच्यांनी म्हटलं तर म्हटलं. तो बाहेरून धरत होता ना गन? त्याला कळायला नको?"

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही ती वही बघितली होती."

"हो."

"कधी?"

"मार्चमध्ये."

ती उठली आणि निघून गेली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला ते मान्य होतं.

रागाचा जोर ओसरायला तिला मे संपला. तोवर सुजितचा नंबर लागेनासा झाला होता. एका रविवारी ती मांजर्लीला संध्याकडे गेली. सोबत मी यावं असं तिनेच म्हटलं. बहुतेक गार्डच्या वहीचं माझ्या तोंडून सांगितलं जावं म्हणून. संध्याच्या घराच्या भिंतींवर अजून मागच्या एका पुराच्या पाण्याची रेघ होती, कमरेएवढी. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की सुजित मस्कतला गेलाय. तिथे बंदरात क्रेनवाल्याला खालून हातवारे करून वाट दाखवायचं काम. उजवा हात चालतोय, तेवढा त्या कामाला पुरतो. दोन वर्षांचा करार.

"कधी गेला?" यशोधराने विचारलं.

"सोळा मेला."

यशोधराने बोटांवर दिवस मोजले. आमची टपरीवरची भेट एप्रिलच्या सव्वीसला झाली होती. वीस दिवस तो इथेच होता, पुढच्याच स्टेशनला, आणि ती रागात होती.

संध्याने तिच्याकडे नीट निरखून बघितलं. "तुम्ही त्या आत बसणाऱ्या ना? तो सांगायचा तुमचं."

"काय सांगायचा?"

"हेच की, काम फार चांगलं." संध्या थोडी ओशाळली. "जास्त तो काही सांगतच नाही हो. पण जेवताना तुमचं नाव निघायचं. रोज निघायचं."

यशोधराने अहवालाच्या पानांचे फोटो संध्याच्या फोनवरून मस्कतला पाठवायला लावले. चौऱ्याऐंशी रिव्हेटांचं पान, बोल्टाचं पान. खाली काही लिहू का, असं संध्याने विचारलं. यशोधरा म्हणाली, "नको. वाचेल तो."

उत्तर आलं नाही. जून गेला, पावसाळा गेला. मी विचारायचं टाळत होतो. ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी, तिकडे सुट्टी असते तेव्हा, दुपारी तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. ती फोन घेऊन कारखान्याच्या मागच्या बाजूला गेली. परत आली तेव्हा तिने मला स्वतःहून सांगितलं. आमच्यात उरलेलं अवघडलेपण त्या दिवशी संपलं.

सुजितने आधी आईंची तब्येत विचारली. मग म्हणाला, "फोटो बघितले. जूनमध्येच बघितले."

"मग आता फोन?"

"काय तोंडाने करणार होतो? तुझ्या कामावर शंका घेतली मी."

"घेतलीस."

"चूक झाली."

"ही खरी चूक," ती म्हणाली. "ती साखळीची नव्हती."

तिकडे मागे क्रेनचा भोंगा वाजत होता. तो म्हणाला, "रागावलीस का?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "ठीक आहे." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या शुक्रवारी केला तर उचलशील?"

ती उचलते. दर शुक्रवारी. अहवालानंतर कारखान्याने त्याच्यावरचा ठपका कागदोपत्री काढला, तेही तिने अर्जावर अर्ज करून काढायला लावलं; त्यात गार्डच्या वहीबद्दल मी माझ्या सहीने लिहून दिलं. मला एक मेमो मिळाला, आणि दीड वर्षाने मी निवृत्त झालो. माझ्या खुर्चीवर आता यशोधरा बसते. परीक्षा देऊन तपासनीस झाली. शेपटीत आता दुसरी मुलगी शिरते.

करार यंदा मे महिन्यात संपायचा होता. बंदराचं काम लांबलं, आणखी एक वर्ष वाढलं. हे तिने मला मासळी बाजारात उभ्या-उभ्या सांगितलं, बोंबलाचा वाटा निवडता निवडता, जसं काही ते कुणा तिऱ्हाइताचं असावं.

"मग येत नाही का मध्ये?" मी विचारलं.

"म्हणतो येईन. हात बघून तू काय म्हणशील, असं पण म्हणतो मध्येच. मी म्हटलं, बघितलाय मी दवाखान्यात. तो म्हणाला, तेव्हा बांधलेला होता." तिने बोंबील पिशवीत टाकले. "आई म्हणते, किती वर्षं असं फोनवर. एक स्थळ आणलं होतं तिने, डोंबिवलीचं. चांगला माणूस होता. मी नाही म्हटलं."

"त्याच्यासाठी थांबलीयस तर."

"तसं कुणाला सांगू नका हां सर," ती घाईने म्हणाली. "थांबले असं काही नाही. दुसरं काही करावंसं वाटत नाही, एवढंच."

गेल्या महिन्यात पोलीस ठाण्यातला एक हवालदार आमच्या दारात आला. यशोधरा शेजवळ यांना ओळखता का, किती वर्षांपासून, शेजारी म्हणून सही हवी आहे. पासपोर्टचा अर्ज होता. मी त्याच्याबरोबर तिच्या घरी गेलो. कौसाबाई दारातच बसल्या होत्या, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "पासपोर्ट? हिला कशाला?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

हवालदाराने कागदावरून मान वर न करता यशोधराला विचारलं, "परदेशी कुठे जाणार?"

"अजून ठरवलेलं नाही," ती म्हणाली.

"नोकरी? की फिरायला?"

ती आईकडे बघत होती. "कुणाला तरी भेटायला," ती म्हणाली, आणि आत चहा टाकायला गेली. मी सही केली. कौसाबाईंनी मला जवळ बसायला सांगितलं, आणि मस्कत नक्की कुठे आलं, तिथे ऊन किती असतं, विमानाला किती तास लागतात, हे सगळं त्या हलक्या आवाजात विचारत राहिल्या.